मनगटाचं माप

अक्का म्हटलं की मला आधी त्यांची पितळी परात आठवते. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की त्या परात पुसून घेत, तिच्यात धुतलेलं पांढरं फडकं अंथरत आणि मनगटावरचं घड्याळ उतरवून त्यावर पालथं ठेवत. मग जाड सुईच्या टोकानं घड्याळाच्या कानांतली स्प्रिंगची काडी दाबायची, साखळी आधी एका बाजूनं सोडवायची, मग दुसऱ्या बाजूनं. ही काडी नखाएवढीही नसते. ती उडाली की सारवलेल्या जमिनीत तिचा पत्ता लागत नाही, म्हणून परात. आणि नुसत्या परातीत पडली तर टणकन उसळून बाहेर जाते, म्हणून फडकं. हे काम चालू असताना दारात कलेक्टर उभा राहिला असता तरी अक्कांनी मान वर केली नसती. "बस," एवढंच म्हणत, आणि येणारा मुकाट्यानं बसे.

सुटी झालेली साखळी रिठ्याच्या पाण्यात पडे. जुन्या ब्रशानं त्या तिचा एकेक सांधा घासत, उन्हात फडक्यावर वाळवत, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत चढवत नसत. आम्ही दोघी जळगावच्या एका प्रसूतिगृहात नोकरीला होतो. आमच्या कामात हात कशाकशात जातात ते वेगळं सांगायला नको. बाळंतपणाच्या वेळी अक्का घड्याळ खिळ्याला टांगून ठेवत, पण नाडी बघायला ते पुन्हा हातात घ्यावंच लागे, आणि रक्त, तेल, साबण असं सगळं कड्यांच्या फटींत जाऊन बसे. मी धुळ्याहून शिकून नवी आले तेव्हा माझंही घड्याळ होतं, कातडी पट्ट्याचं. पहिल्याच दिवशी अक्कांनी त्या पट्ट्याचा वास घेतला आणि तो माझ्या हातात ठेवला. "हे घेऊन बाळंतिणीजवळ जायचं नाही," म्हणाल्या. माझं नावसुद्धा तोवर त्यांनी विचारलं नव्हतं.

अक्का बोलायला गोड नव्हत्या. ते आधीच सांगून टाकते, कारण माणूस गेलं की त्याच्या तोंडात साखर घालायची आपल्याकडे पद्धत आहे. कळा देणाऱ्या बाईला त्या "माझी बाय, माझी राणी" असं कधी म्हणाल्या नाहीत. "ओरडायचं तेवढं ओरड, पण मी सांगेन तेव्हा दम धर," म्हणायच्या. आणि बायका त्यांचं ऐकायच्या. गोड बोलणारीपेक्षा खरं बोलणारीचा आधार अशा वेळी जास्त वाटतो, हे मी तिथं शिकले.

त्यांचं नाव कमळाबाई. माहेर आणि सासर दोन्ही केळीच्या पट्ट्यातलं, तिकडे यावल-फैजपूरच्या बाजूचं. यजमान भुसावळला रेल्वेत तारमास्तर होते. स्वातंत्र्य मिळालं आणि तिथले गोरे ड्रायव्हर-गार्ड सामान विकून जायला लागले. तसल्याच एकाकडून यजमानांनी हे स्टीलच्या साखळीचं घड्याळ घेतलं. हौसेनं घेतलं, पण वर्षभरही घातलं नाही. विषमज्वरानं गेले. पदरात सुमन नावाची एक मुलगी. अक्कांनी तिला जळगावला थोरल्या दिराच्या, नानांच्या घरी ठेवलं, आणि स्वतः धुळ्याला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं. परत आल्या त्या मनगटावर नवऱ्याचं घड्याळ घालून. साखळीच्या चारदोन कड्या त्यांनी स्वतःच काढल्या होत्या. घड्याळजीकडे जायचं तर परक्या पुरुषासमोर हात धरायचा, त्यापेक्षा सुई घेऊन आपणच शिकलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. काढलेल्या कड्या बामच्या रिकाम्या डबीत जपून ठेवल्या होत्या.

आता विधवेच्या हातात चकाकती साखळी म्हणजे काय, हे त्या काळातल्या बाईलाच कळेल. बांगड्या फुटलेला हात मोकळा दिसला पाहिजे. कातडी पट्टा लावावा तर सोवळ्याच्या घरात कातडं चालत नाही, बाळंतिणीच्या खोलीत तर नाहीच. धातू घालावा तर तो दागिना. अक्कांनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि धातू घातला. "धुता येतो," म्हणाल्या. याहून जास्त बचाव त्यांनी केल्याचं मला आठवत नाही.

एकदा जुन्या गावात एका घरी अडलेल्या बाईसाठी आम्हाला बोलावलं. माणसं मूळची अमळनेरकडची, म्हातारी सासू अहिराणी बोलणारी. तिनं अक्कांचं कपाळ पाहिलं, मनगट पाहिलं आणि दारातच आडवी झाली. असला हात माझ्या सुनेला लागायचा नाही, असं तिचं म्हणणं. अक्कांनी वाद घातला नाही. घड्याळ उतरवलं, म्हातारीच्या ओंजळीत ठेवलं आणि तिला ओलांडून आत गेल्या. म्हातारी ते घड्याळ तसंच धरून दाराशी बसून राहिली. खाली ठेवावं तर महागाची वस्तू, धरावं तर विटाळ. मधूनमधून आत हाक मारून सगळं ठीक ना असं विचारी, "बठ्ठं ठीक शे ना, बाई?" नातू झाला. निघताना म्हातारीनं घड्याळ परत दिलं ते गोमूत्रात बुडवून. अक्कांनी ते पदरात बांधलं, घरी आल्यावर परात काढली आणि रविवार नसतानाही साखळी सोडवली. मी हसत होते. त्या हसल्या नाहीत. "तिनं खाली ठेवलं नाही, एवढं लक्षात ठेव," म्हणाल्या.

सुमन अठराची झाली आणि नानांनी तिचं लग्न जमवलं. मुलगा प्रभाकर, फैजपूरजवळच्या खेड्यातला, इंटरपर्यंत शिकून घरची केळी बघणारा. थोरला भाऊ लहानपणीच वारलेला, त्यामुळे एकुलता एक. बापाविना वाढलेल्या मुलीला याहून चांगलं स्थळ काय मिळणार, असं सगळेच म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मुलाकडून एकच मागणी आली, हातातलं घड्याळ. त्या दिवसांत नवरदेवाला घड्याळ हवंच असे. नाना म्हणाले, घरात आहे की, विधवेला काय करायचंय त्याचं. मला इतका राग आला की मी उठून बाहेर गेले. अक्का मात्र शांत होत्या. सुमनच्या वडिलांचं घड्याळ सुमनच्या नवऱ्याकडेच जायला हवं, असं म्हणाल्या. आणि तुमच्या कामाचं काय, असं मी विचारलं तर म्हणाल्या, इतकी वर्षं नाड्या मोजल्यावर बोटांना सेकंद कळायला लागतो. ते काही खरं नव्हतं. त्यांनाही ते माहीत होतं.

मुलाच्या मनगटाचं माप आलं ते विड्याच्या पानात, सुपारीबरोबर. घरच्या सुताचा दोरा, माप घेऊन गाठ मारलेला. शुभकार्याचं माप कोरडं कसं पाठवायचं, म्हणून मुलाच्या आईनं तो ओल्या हळदीत भिजवून वाळवला होता. पिवळाजर्द दोरा. अक्कांनी परात घेतली, डबीतल्या कड्या काढल्या, साखळी दोऱ्याशेजारी लांब करून ठेवली आणि दोऱ्याबरहुकूम कड्या बसवत गेल्या. दोन कड्या जोडणाऱ्या पिनेचं एक टोक किंचित जाड असतं; ती ज्या बाजूनं निघते त्याच बाजूनं परत घालावी लागते, नाहीतर सांधा अडतो. मी शेजारी बसून पाहत होते. शेवटची पिन बसल्यावर त्यांनी दोरा पुन्हा लावून पाहिला. "बारीक मनगट आहे पोराचं," म्हणाल्या. घड्याळ रेशमी रुमालात बांधलं आणि मोकळा हात पदराखाली घेतला. वर्षानुवर्षं साखळीखाली राहिलेली कातडी पांढरी पडली होती.

साखरपुडा नानांच्या ओसरीवर झाला. अक्का आणि मी माजघरात. अक्का कुंकवाच्या कार्यात पुढे येणार नव्हत्या, आणि मी त्यांच्यापाशी थांबले होते. दाराच्या फटीतून दिसत होतं. सुमनच्या मामांनी रुमाल सोडला, घड्याळ प्रभाकरच्या मनगटाभोवती धरलं, आणि साखळीचा आकडा लागेना. एका कडीएवढी कमी पडत होती. मामांनी ओढून पाहिलं, हात वळवून पाहिला. मग मुलाकडची एक बाई हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कुनाचा हात लागला व्हता त्याले?"

नाना आत आले. चेहरा काळाठिक्कर. साधं माप घेता आलं नाही, एवढंच दात चावून बोलले. बाहेर कुणी घड्याळजीला आणायला निघालं, कुणी म्हणालं आज दुकान बंद, कुणी म्हणालं नुसतं हातावर ठेवा आणि उरका. तेवढ्यात प्रभाकरचा आवाज आला. "ज्यायनी बसवली त्यायलेच बोलवा ना. पाच मिनिटांचं काम असंल."

त्याच्या त्या एका वाक्यानं मला तो आवडला. आजही आवडतो.

अक्का परात, सुई आणि उरलेल्या कड्यांची डबी घेऊन बाहेर गेल्या. डोक्यावर पदर, नजर खाली. त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या, फडकं अंथरलं, पिन ढकलली, एक कडी जास्त घातली, पिन परत बसवली. एवढ्या माणसांत त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. मग घड्याळ त्यांनी स्वतःच त्याच्या मनगटावर चढवलं आणि आकडा लावला. टक्क आवाज झाला. बायका बोलायला लागल्या, कुणीतरी साखर वाटायला घेतली. अक्कांनी साखळी सैल आहे का ते बघायला तिच्याखाली तीन बोटं सारली, आणि ती बोटं तिथंच राहिली. त्यांची नजर तबकडीवर होती. सेकंदाचा काटा सबंध फिरला, पुन्हा फिरला. बाकीच्यांना वाटलं, बाई घड्याळ चालतंय का ते बघते आहे. मला मात्र माहीत होतं त्या काय मोजत होत्या.

"घट्ट नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नही, अक्का."

"बरं," म्हणून त्या उठल्या.

माजघरात आल्यावर त्यांनी तो पिवळा दोरा हातात घेतला. हळदीच्या पाण्यात भिजवलेलं सूत वाळलं की आखडतं, मला कळायला हवं होतं, असं काहीतरी बोलत राहिल्या. अक्का असं उगाच बोलणाऱ्या नव्हेत. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाडी चुकते त्याची. एकसारखी नाही. मधेच पळते, मधेच येतच नाही." बाहेर साखर वाटून संपत आली होती.

दोनचार दिवसांनी रजा काढून त्या मला बरोबर घेऊन बसनं निघाल्या. मुलाच्या घरी आधी त्याच्या आईला भेटलो. उंच, सावळी, कामानं वाळलेली बाई. तिनं आम्हाला ताक दिलं, केळीचे वेफर तळून दिले, आणि विहीणबाई स्वतः आल्या म्हणून तिला काय करू आणि काय नको असं झालं. थोरल्या मुलाचा विषय तिनंच काढला. त्याचे सांधे सुजले, ताप आला, मग दम लागायला लागला आणि गेला. तेव्हापासून ती गोड खात नव्हती. सुमन घरात आली की खाईन, असं म्हणाली. अक्का मान खाली घालून ताक पीत होत्या. निघताना ती कौतुकानं म्हणाली, मळ्यात जाऊन या, प्रभाकर तिथंच आहे, यंदाची केळी बघण्यासारखी आहे.

तो बांधावर बसला होता. आम्हाला पाहून उठायला लागला तर अक्का म्हणाल्या, बसूनच राहा. त्यानं कोयता बाजूला ठेवला. मी दूर जायला लागले, पण अक्कांनी थांबवलं. ही पण नर्स आहे, हिच्या पोटातून काही बाहेर जाणार नाही, असं त्याला सांगितलं. मग विचारलं, लहानपणी सांधे सुजले होते का, ताप आला होता का, विहिरीच्या पायऱ्या चढताना काय होतं. तो प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत गेला. त्याला सगळं माहीत होतं. भुसावळच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, काळजात बिघाड आहे म्हणून. बापालाही माहीत होतं. बाप म्हणाला होता, लग्न झालं की सगळं सुधरतं.

"मी नही म्हनतो लग्नाले," प्रभाकर म्हणाला. "तुमच्या पोरीचं वाटोळं मले नही करायचं. पन आईले कारण काय सांगू? भाऊ गेला तव्हा ती विहिरीच्या काठावर जाऊन बसली व्हती. बाबांनी धरून आनली. अक्का, माझ्या आईले हे सांगू नका."

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. केळीच्या बागेत दुपारी सावली असते पण वारा नसतो.

"कारण मी देईन," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून मोडलं असं होईल. तू गप्प राहा. पण घड उचलायचे नाहीत, ओझं घ्यायचं नाही, आणि धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात यायचं. मी येते बरोबर. सुमनला मात्र मी खरं सांगणार. तिला खोटं सांगून चालणार नाही."

त्यानं मान हलवली. मग मनगटावरचं घड्याळ काढायला लागला. अक्कांनी त्याचा हात धरला आणि आकडा पुन्हा लावला. राहू दे, म्हणाल्या. तो आम्हाला सडकेपर्यंत सोडायला आला, हळूहळू चालत, आणि बस येईपर्यंत आमच्याशी केळीच्या भावाबद्दल बोलत राहिला.

सुमनला सांगितलं तेव्हाही मी होते. मी उठत होते, अक्कांनी बसवलं. पोरीनं सगळं ऐकून घेतलं. रडली. मुलगा तिला आवडला होता. मग तिनं आईला विचारलं, "अप्पा इतक्या लवकर जाणार हे तुला आधी माहीत असतं, तर तू लग्न केलं नसतंस का?"

मला वाटलं आता अक्का काहीतरी मऊ बोलतील. नवऱ्याचं घड्याळ इतकी वर्षं अंगावर बाळगलेली बाई.

"नसतं केलं," अक्का म्हणाल्या. "तुझा बाप चांगला होता. तरी नसतं केलं. आता तू ठरव. हो म्हणालीस तरी मी तुझ्याबरोबर आहे."

सुमन दुसऱ्या दिवशी नाही म्हणाली. तिनं नाही म्हटलं म्हणून तिला दोष देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे, आणि भेटला तर मी त्याच्याशी भांडेन.

मग जे व्हायचं ते झालं. अक्कांनी निरोप पाठवला, की मुलीला पुढे शिकवायचं आहे, लग्न करायचं नाही. नानांनी घर डोक्यावर घेतलं. त्यांच्या घरातल्या दोन खोल्यांतून अक्कांचं सामान ओसरीवर आलं, आणि मायलेकी प्रसूतिगृहाच्या आवारातल्या एका खोलीत राहायला आल्या. मुलाच्या बापानं साडी, खण, घड्याळ सगळं मध्यस्थाच्या अंगावर फेकलं. आणि चार लोकांत सांगितलं, बाईचा जीव घड्याळात अडकला होता, ते परत हवं म्हणून तिनं सोयरीक मोडली. ज्याला मुलाकडून खरं कळलं होतं त्यानंच हे सांगितलं. पंचक्रोशीत तेच झालं. घड्याळासाठी पोरीचं लग्न मोडणारी बाई. केळीच्या पट्ट्यातून सुमनला पुन्हा स्थळ आलं नाही. अक्कांनी तिला धुळ्याला शिक्षिकेच्या शिक्षणासाठी पाठवलं. पुढे तिचं चांगलं झालं, पण ते व्हायला फार वर्षं गेली.

घड्याळ परत आलं त्या रविवारी अक्कांनी परात काढली, कड्या कमी केल्या आणि ते मनगटावर चढवलं. मी म्हटलं, निदान थोडे दिवस तरी घालू नका, लोक काय म्हणतील. "म्हणून झालंय त्यांचं," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीची नाडी बघायला मला घड्याळ लागतं." बाळंतपणाला आलेल्या बायका त्या घड्याळाकडे बघून एकमेकींना खुणा करत. मी कितीदा म्हटलं, एकदा खरं सांगून टाका. त्या म्हणत, पोरानं सांगू नको म्हटलंय. त्यापुढे बोलणं नसे.

प्रभाकर धुळ्याच्या दवाखान्यात काही वेळा आला. बियाणं आणायला जातो म्हणून घरातून निघे. अक्का जळगावहून जात, त्याला डॉक्टरपुढे बसवत, गोळ्या समजावून देत. मग त्याचं येणं कमी झालं, आणि बंद झालं. अक्का दोनदा फैजपूरपर्यंत जाऊन त्या सडकेवरून परत आल्या. त्या घरात पाय ठेवायला त्यांना आता तोंड नव्हतं.

तो गेल्याचं कळलं तेव्हा माझी धुळ्याला बदली झाली होती आणि मी सामान बांधत होते. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. "चल," म्हणाल्या. मी हातातली दोरी तशीच टाकून निघाले.

दारात पुरुष बसले होते. प्रभाकरच्या बापानं आम्हाला पाहिलं आणि तोंड फिरवलं. पण अडवलं नाही. आत भिंतीला टेकून ती बाई बसली होती, भोवती शेजारणी. आम्हाला पाहून त्या कुजबुजल्या, एकीनं पदर तोंडाला लावला. अक्का सरळ जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"तुले माहीत व्हतं," ती म्हणाली. आवाज बसलेला होता. बाहेर बसलेल्या नवऱ्याकडे तिनं हात केला. "आता सांगतलं मले यायनी. बठ्ठ्यायले माहीत व्हतं."

अक्कांनी मान हलवली.

"मंग मले कशाले नही सांगतलं? गाडी भराची व्हती, मानसं कमी व्हते. मीच म्हने त्याले, जरा केळीच्या घडायले हात लाव. मीच धाडलं त्याले."

शेजारणी रडायला लागल्या. ती रडत नव्हती. अक्कांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"त्यानं नको म्हटलं होतं," अक्का म्हणाल्या. "तुम्हाला सांगू नका म्हणाला. तुमची काळजी होती त्याला. मी त्याचं ऐकलं. ऐकायला नको होतं."

मला वाटलं, आता ही बाई शिव्या देईल, हाकलून देईल, आणि दिलं असतं तर मी तिला नाव ठेवलं नसतं. ती पुढे सरकली. अक्कांचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आनखी काय म्हने तो?"

"कधी?" अक्कांनी विचारलं.

"त्या दिवशी मळ्यात. काय काय म्हने? बसेल व्हता का उभा व्हता?"

"बसला होता," अक्का म्हणाल्या. "बांधावर. आम्हाला बघून उठायला लागला, मी म्हटलं बस."

"मंग?"

अक्का सांगू लागल्या. त्यानं कोयता बाजूला कसा ठेवला, काय विचारलं, काय बोलला. आईबद्दल काय बोलला ते सगळं, एक शब्द न गाळता, विहिरीचंसुद्धा. ती मधेमधे विचारत होती, त्याच्या अंगात कुठला सदरा होता, तो हसला का. अक्कांना जे आठवत होतं ते त्या सांगत होत्या, आणि जे आठवत नव्हतं ते नाही आठवत म्हणत होत्या. त्याही वेळी त्यांनी पदरचं काही घातलं नाही.

परतीच्या बसची वेळ झाली. माझं सामान अर्धवट बांधलेलं, दुसऱ्या दिवशी धुळ्याला हजर व्हायचं होतं. मी अक्कांच्या खांद्याला हात लावला, तर त्यांनी मान न वळवता मला जा म्हणून खूण केली. मी उंबऱ्याशी चपला घातल्या. आत अक्का सांगत होत्या की तो आम्हाला सडकेपर्यंत सोडायला आला, हळूहळू चालत, आणि बस येईपर्यंत केळीच्या भावाबद्दल बोलत होता.

"मंग?" ती आई म्हणाली.

त्यानंतर बस आली होती आणि आम्ही बसून निघालो होतो. पुढे सांगण्यासारखं काही नव्हतं, मला माहीत होतं. अक्का पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.